कॉन्टेसाचा शंकरपट

हिंगणघाटच्या घरी गोठ्याशेजारी आमची कॉन्टेसा उभी होती. एमएच-३२ची पाटी, टपावर कोंबड्या. आबांनी कापसाच्या एका चांगल्या वर्षी हौसेनं घेतलेली. आबा गेले आणि गाडीही थांबली. गेल्या दिवाळीला घरी गेलो, तर बाबांनी भंगारवाल्याला बोलावलेलं!

‘एक वर्ष द्या,’ मी म्हटलं.

‘कायले पैसा जाळून राहिला? पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते भर पह्यले.’

बाबांचं चूक नव्हतं. पण कॉन्टेसा म्हणजे आपली देशी मसल कार! लांबलचक बॉनेट आणि मागच्या चाकांना जोर. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४मध्ये ती ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलच्या मॉडेलवरून आणली. सुरुवातीचं इंजिन मात्र दीड लिटरचं, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं. पहिलवानाच्या अंगात पोराचा जीव! पुढे इसुझुचं १.८ लिटर इंजिन आलं, ८८ हॉर्सपॉवरचं. आमची त्यातलीच. २००२मध्ये उत्पादन थांबलं, तेव्हा पार्ट शोधणं आलंच.

दर महिन्याला एक शनिवार-रविवार गॅरेजमध्ये गेला. टाकीत गंज, तळाचा पत्रा सडलेला, ब्रेक जाम. रिंगा, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट सगळं बदललं. बोनस संपला, गोवा ट्रिप रद्द झाली. आठव्या महिन्यात इंजिन धडधडलं आणि कोंबड्या पळाल्या.

आता पळवायची कुठे? मित्र म्हणाले, जिल्ह्यातूनच समृद्धी महामार्ग जातो की! पण तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा. ड्रॅग रेसची जागा बंद धावपट्टीवर. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीला अशा रेस झाल्या आहेत.

बाबांना समजावलं, ‘सरळ पट्टी, ४०२ मीटर, घड्याळ लावून.’

‘म्हंजे शंकरपटच ना बे!’

मग ते गप्प झाले. २०१४मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा त्यांनी आबांची पटाची जोडी विकली होती. डिसेंबर २०२१मध्ये पटाला पुन्हा परवानगी मिळाली. जोडी काही परत आली नाही.

रेसच्या दिवशी शेजारच्या लेनमधली नवी हॅचबॅक कधीच पुढे निघून गेली. आमची वेळ १९.८ सेकंद. हसू नका, ब्रेक लागले हेच मोठं! घरी फोन केला. ‘हरलो’ म्हणायच्या आत बाबांनी विचारलं, ‘किती सेकंद?’

सांगितलं.

‘पुढच्या खेपेले मी येतो. अन् भंगारवाल्याले नाही म्हणून सांगतलं.’

जुनी गाडी काढताय?
• रंग शेवटी. आधी पत्रा आणि ब्रेक.
• १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आरटीओचे कागद आधी तपासा.
• बजेट ठरवा आणि दुप्पट धरा.
• रेसला हेल्मेट आणि सीटबेल्ट हवाच. रस्त्यावर रेस नकोच.