घाटात 'गाडी लागते' तेव्हा

चैत्र-वैशाखात ४४-४५ अंशांत भाजून निघालेल्या आपल्या खानदेशी माणसाला पहिले दोन चांगले पाऊस झाले की डोंगर खुणावू लागतो. कोणी शहाद्याहून म्हसावद, राणीपूर मागे टाकून तोरणमाळ चढतो, कोणी रावेरहून पालच्या जंगलात जातो, कोणी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला. वेरूळला जायचे तर कन्नडचा घाट आहेच. सप्तशृंग गडावर तर आपल्याकडील घराघरातून माणसे जातात. सातपुडा असो की सह्याद्री, श्रावणातले घाटरस्ते पाहून डोळे निवतात यात शंका नाही.

परंतु दवाखान्यात या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "डाक्टर, माले गाडी लागस. काही तरी गोळी द्या." सहलीच्या आदल्या दिवशी असे सांगणारे पाच-सहा जण तरी असतात. त्यात शाळकरी मुले असतात, त्यांच्या आया असतात, क्वचित एखादा पहिलवान गडीही असतो. म्हणून आजच्या लेखात या 'गाडी लागण्या'विषयी थोडे सविस्तर पाहू. तसेच गाडी लागली असे वाटते पण प्रत्यक्षात लागलेली नसते, असा जो प्रकार आहे त्याविषयीही सांगायचे आहे. तो अधिक महत्त्वाचा आहे.

दोष पोटाचा नव्हे, कानाचा आणि डोळ्यांचा

ओकारी पोटातून होते, म्हणून आपण पोटाला दोष देतो. 'पित्त झाले', 'अपचन झाले' असे म्हणतो. वास्तविक या त्रासाचे मूळ कानात आहे. आपल्या कानाच्या अगदी आतल्या भागात तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोके वळले की हा द्रव हलतो आणि शरीर कोणत्या दिशेला वळले याची वर्दी मेंदूला जाते. शरीराचा तोल आपण सांभाळतो तो मुख्यतः याच्या जोरावर.

आता घाटातला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. गाडी डावीकडे वळते, लगेच उजवीकडे वळते, मध्येच ब्रेक लागतो. कान मेंदूला सांगतो, 'आपण गरगर फिरतो आहोत.' त्याच वेळी मुलगा मोबाइलवर खेळत असतो किंवा आई मान खाली घालून पिशवीत काही शोधत असते. डोळे मेंदूला सांगतात, 'छे, आपण तर स्थिर आहोत. समोरची वस्तू जागच्या जागी आहे.' दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळेनात की न्यायाधीशाची जी अवस्था होते, ती मेंदूची होते. या गोंधळातून जांभया, तोंडाला पाणी सुटणे, घाम, मळमळ आणि शेवटी ओकारी असा क्रम सुरू होतो. ज्यांच्या कानातील हा भाग निकामी असतो, त्यांना गाडी लागत नाही. यावरून या रोगाचे मूळ कोठे आहे ते ध्यानात यावे.

हा त्रास दुबळेपणाचे लक्षण आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. इंग्लंडचा प्रसिद्ध दर्यासारंग नेल्सन याला जहाज हलू लागले की त्रास होई. उत्क्रांतिवाद मांडणारा चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे जहाजावर होता आणि बोट लागण्याने तो अखेरपर्यंत हैराण झाला. तेव्हा मुलाला गाडी लागली म्हणून त्याला कोणी हिणवू नये.

कोणाला अधिक त्रास?

दोन वर्षांखालील बाळांना गाडी सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त असतो. पुढे वयाबरोबर तो कमी होत जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना, त्यातही गरोदर स्त्रियांना आणि अर्धशिशी असणाऱ्यांना तो अधिक होतो. गाडी चालवणाऱ्याला मात्र तो क्वचितच होतो. पुढचे वळण केव्हा येणार हे त्याला आधीच दिसत असते आणि त्याचा मेंदू तयारीत असतो.

ड्रायव्हरच्या या गोष्टीतच अर्धा उपाय दडलेला आहे. आपणही समोरचा रस्ता पाहत बसावे.

निघताना आणि वाटेत

१) जागा : एस.टी.त मागच्या चाकांच्या पुढची, शक्यतो पुढच्या अर्ध्या भागातील जागा घ्यावी. मागच्या बाकावर हिसके सर्वाधिक बसतात. काळी-पिवळी जीपमध्ये मागे जे आडवे बाक असतात, ते अशा माणसासाठी सर्वांत वाईट. गाडी पुढे जाते आणि आपण कडेला तोंड करून बसलेले असतो.

२) नजर : समोरच्या काचेतून दूरवर पाहावे. मोबाइल, पुस्तक, वर्तमानपत्र घाटात बंद. (हा लेखही घाटात वाचू नये!) फारच मळमळू लागले तर डोके सीटला टेकवून डोळे मिटून घ्यावेत.

३) खाणे : उपाशीपोटी निघू नये आणि तुडुंब जेवूनही निघू नये. आपली शेवभाजी, भजी, भरीत-पुरी यांचा बेत वर पोहोचल्यावर करावा. निघताना पोळी, खाकरा, एखादे केळे पुरे. पाणी घोट घोट प्यावे. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळल्याने काही जणांना बरे वाटते. त्यात अपाय नाही.

४) हवा : खिडकी थोडी उघडी ठेवावी. गाडीत बिडी-सिगारेट ओढू नये आणि उग्र अत्तरही नको.

५) थांबे : मळमळ सुरू होताच गाडी सुरक्षित रुंद जागी थांबवावी. पाच-दहा मिनिटे मोकळ्या हवेत उभे राहावे. वळणावर किंवा कड्याखाली मात्र थांबू नये. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या मुसळधार पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, हे चाळीसगावकर विसरलेले नाहीत.

६) पिशवी : प्रत्येकाच्या हाताशी एक पिशवी असू द्यावी. ओकारी आली म्हणून धावत्या गाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. घाटाच्या अरुंद रस्त्यावर समोरून येणारी ट्रक एका वितीवरून जाते. कपडे खराब झाले तर धुता येतात. लहान मुलांना हे आधीच समजावून सांगावे आणि खिडकीशी बसलेल्या मुलावर लक्ष ठेवावे.

वर चढताना कानात दडे बसतात, त्याची भीती बाळगू नये. आवंढा गिळावा, जांभई द्यावी, दडे उघडतात. तोरणमाळची उंची हजार मीटरच्या थोडी वर आहे. उंचीमुळे श्वास लागण्याचा जो विकार आहे, तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. म्हणून आपल्या डोंगरांवर कोणाला धाप लागली तर 'उंचीमुळे झाले असेल' असे म्हणून सोडून देऊ नये.

गोळीविषयी चार शब्द

गाडी लागण्यावरच्या बहुतेक गोळ्या प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, सिनारिझिन अशा औषधांच्या असतात. ॲव्होमिन हे त्यांतील घरोघरी माहीत असलेले नाव. ही गोळी प्रवासापूर्वी एक ते दोन तास घ्यावी लागते. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी ओकारीबरोबर बाहेर पडते, मग 'गोळीचा गुण आला नाही' असे आपण म्हणतो. उलटीवर एरवी दिल्या जाणाऱ्या ऑन्डॅन्सेट्रॉनसारख्या गोळ्यांचा गाडी लागण्यावर फारसा उपयोग होत नाही.

प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. मोठ्या मुलांसाठी मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. काचबिंदू असलेल्यांनी, लघवी अडण्याची तक्रार असलेल्या वृद्धांनी आणि गरोदर स्त्रियांनी विचारल्याशिवाय यांतील कोणतीच गोळी घेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या गोळ्यांनी झोप येते आणि ती गुंगी कित्येक तास टिकते. जो गाडी चालवणार आहे, त्याने ही गोळी घेऊ नये. सर्दीवरच्या अनेक गोळ्यांचेही तसेच आहे. सकाळी जाताना दुसरा चालवत होता म्हणून गोळी घेतली आणि परतताना स्वतः गाडी हातात घेतली, असेही करू नये. गोळीवर मद्य घेतले तर गुंगी दुणावते. घाटात एका डुलकीची किंमत सबंध कुटुंब मोजते.

प्रत्येक ओकारी गाडी लागल्याची नसते

आता एक प्रसंग सांगतो. सांगताना मला आजही संकोच वाटतो, तरीही सांगतो.

२०१४ साली आपल्या राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सुरू झाली, त्याच्या काही वर्षे आधीची गोष्ट. आम्ही घरची मंडळी वेरूळहून घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन परतत होतो. बरोबर माझे मामा होते. वय बासष्ट, मधुमेह दहा-बारा वर्षांचा, निवृत्त शिक्षक. कन्नड सोडले आणि मामा म्हणाले, "कसेसेच होते आहे." मी पुढे बसलो होतो. मान वळवून म्हणालो, "मामा, गाडी लागली असेल. लिंबू चोखा." घाट सुरू झाला आणि त्यांना ओकारी झाली. सपसपून घाम आला. मी पिशवीतली गोळी काढून दिली.

मामी मागून म्हणाल्या, "अरे, यांना आजपर्यंत कधी गाडी लागली नाही."

मी ते ऐकले आणि सोडून दिले. घाट होता, वळणे होती, ओकारी होती. निदान माझ्या मनात पक्के झाले होते. घाट उतरून चाळीसगावला चहासाठी थांबलो. अर्धा तास झाला, पावसाळी गार वारा सुटलेला, तरी मामांचा सदरा भिजतच होता. तेव्हा कोठे मी नाडी पाहिली. पुढे इ.सी.जी. काढला तो हृदयविकाराच्या झटक्याचा निघाला. छातीत दुखते असे मामा एकदाही म्हणाले नव्हते. ते त्यातून वाचले. परंतु हृदयाचा बराच भाग दुखावला गेला होता, आणि पुढची चार वर्षे त्यांना घराचा जिना चढवला नाही. अशा झटक्यात प्रत्येक मिनिटाला मोल असते. त्यांचा तास-दीड तास मी लिंबू आणि गोळीत घालवला.

मधुमेही माणसाला, वृद्धांना आणि स्त्रियांना झटका येतो तेव्हा छातीत दुखेलच असे नाही. मळमळ, घाम, छातीच्या खाली बेचैनी, जबडा किंवा हात जड वाटणे, एवढ्यावरच तो येऊ शकतो. म्हणून पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) ज्याला जन्मात कधी गाडी लागली नाही, त्याला पन्नाशीनंतर पहिल्यांदाच 'लागली', तर ती गाडी लागली असे मानू नये.

२) गाडी लागण्याचा त्रास गाडी थांबली की ओसरू लागतो. अर्धा तास थांबूनही घाम आणि अस्वस्थता कमी होत नसेल तर थेट दवाखाना गाठावा. छातीत, जबड्यात, हातात काही वाटत असेल किंवा धाप लागत असेल तर तेवढाही वेळ थांबू नये.

३) मधुमेही माणसाने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, किंवा खाल्लेले ओकून पडले, तर रक्तातील साखर एकदम उतरते. थरथर, घाम, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये.

४) चक्कर येऊन ओकारी झाली आणि त्याबरोबर तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा हातपाय लुळा पडला, तर तो पक्षाघात समजावा.

या प्रत्येक वेळी १०८ ला दूरध्वनी करावा. मात्र सातपुड्यात मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही. म्हणून डोंगर चढण्यापूर्वी खालच्या शेवटच्या मोठ्या गावात, मग ते शहादा असो, रावेर असो की चाळीसगाव, दवाखाना कोठे आहे तेवढे पाहून ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांची रोजची औषधे आणि औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. सहलीच्या दिवशी रक्तदाबाची गोळी 'आज राहू द्या' असे म्हणू नये.

वाचकहो, हे वाचून कोणी सहलीचा बेत रद्द करू नये. पावसाळ्यातला सातपुडा घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही दाखवावा. वर्षभर उन्हाने भाजणाऱ्या आपल्या मुलखाला हे सुख जवळच मिळाले आहे. फक्त घाटात कोणाला ओकारी झाली तर लिंबू देण्याआधी एक प्रश्न विचारावा : "यापूर्वी कधी गाडी लागली होती का?" आणि शेजारी बसलेली पत्नी किंवा आई उत्तर देईल, ते नीट ऐकावे.