उन्हाळ्यातील ध्वनिमुद्रण आणि यंत्रांचा उष्मा

ज्येष्ठ शुद्ध दशमीला, गंगादशहऱ्याच्या दिवशी, जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदास्नानासाठी पहाटेपासून लोकांची रीघ लागते. घाटावरची आरती, नावाड्यांच्या हाका आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या बायकांची गाणी टिपून घ्यावयाची म्हणून अशा वेळी एखादी ध्वनिमुद्रणाची गाडी काठावर येऊन उभी राहिली, असे समजू. सकाळी काम सुरळीत चालते. दुपार चढते आणि निरनिराळ्या मायक्रोफोनांतून येणारे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करणारा मिक्सर मुकाट्याने बंद पडतो. घरचा रेडिओ बिघडला तर दुरुस्तीपर्यंत थांबता येते. येथे गाणारी म्हातारी गाणे संपवून गावाकडे निघालेली असते, आणि ते गाणे पुढच्या वर्षी तिच्या तोंडून ऐकावयास मिळेलच असे नाही.

या यंत्राचा शत्रू म्हणजे त्याची स्वतःचीच उष्णता. यंत्रात जेवढी वीज शिरते, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ध्वनीच्या संकेतांवर खर्च होणारा तिचा अंश नगण्य असतो. जुन्या काळच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत ही गोष्ट डोळ्यांना दिसत असे. एका लहानशा व्हॉल्व्हची तार तापविण्यासच सुमारे दोन वॉट लागत, आणि तो लालसर उजेड पाहून कोणीही त्याच्याभोवती मोकळी जागा ठेवी. ट्रान्झिस्टर आला आणि उजेड गेला. उष्णता कमी झाली, पण नाहीशी झाली नाही. आजच्या अंकीय मिक्सरमध्ये तर बोटभर जागेत दाटीवाटीने बसविलेले भाग तापत असतात. त्यांतील काही धारित्रांत द्रव असतो व तो उष्णतेने हळूहळू सुकतो. दर दहा अंश वाढीस अशा धारित्राचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब आहे.

उष्णता नष्ट करता येत नाही, ती फक्त दुसरीकडे नेता येते. मिक्सर, मुद्रणयंत्र आणि त्यांचे वीजपुरवठे मिळून ३०० वॉट घेत असतील, तर पेटीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहून अधिक तापू नये यासाठी दर सेकंदाला सुमारे २८ लिटर हवा तिच्यातून वाहिली पाहिजे. दोन चांगले पंखे हे काम करतात. परंतु जबलपूरची खरी अडचण पुढेच आहे. अनेक मिक्सरांच्या माहितीपुस्तिकेत भोवतालच्या हवेची मर्यादा ४० अंश दिलेली असते, आणि मे महिन्यात तेथील पारा ४२ अंशांपर्यंत सहज चढतो. पंखा कितीही फिरविला तरी तो यंत्राला बाहेरच्या हवेहून थंड करू शकत नाही.

शिवाय हा पारा सावलीतला. कर्कवृत्त शहराच्या थोडेसेच उत्तरेस असल्याने जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो व चौरस मीटरमागे हजार वॉटच्या आसपास उष्णता ओततो. गाडीचे छप्पर पाच चौरस मीटरांचे धरले, तरी आतील यंत्रांच्या पंधरापटींहून अधिक उष्णता वरून येऊन पडते! म्हणून पहिला उपाय सावलीचा. छपराला पांढरा रंग द्यावा आणि त्यावर वीतभर अंतर सोडून कनात ताणावी, म्हणजे मधून वारा खेळतो. ऊन लागू नये म्हणून काही जण प्रेमाने मिक्सरवरच चादर पांघरतात. त्याची छिद्रे बुजतात आणि यंत्र गुदमरते.

सावलीनंतर हवेची वाट. गार हवा खालून, पुढच्या बाजूने आत यावी व तापलेली मागून, वरच्या बाजूने जावी. दोन यंत्रांमधील रिकाम्या फटी पत्र्याने बंद केल्या नाहीत, तर मागची तापलेली हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि पंखे तीच ती हवा फिरवीत बसतात. पंख्यांनी हवा आत ढकलावी व तिच्या वाटेवर फोमची गाळणी असावी, म्हणजे घाटावरची धूळ अन्य फटींतून शिरत नाही. गाळणी रोज संध्याकाळी झटकावी लागते. हे काम सर्वांत सोपे, आणि विसरले जाते तेही हेच.

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवाही गार होते. ४२ अंशांच्या हवेत आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर ती २८ ते ३० अंशांवर आणतो. मात्र पाण्याचे तुषार यंत्रावर उडता कामा नयेत. पाणी सुकले तरी त्यातील क्षार मागे राहतात. म्हणून कूलरची हवा गाडीत सोडावी, थेट यंत्रावर नव्हे.

आषाढ लागला की हाच कूलर निरुपयोगी ठरतो, कारण दमट हवेत पाणी सुकतच नाही. तेव्हा वातानुकूलन यंत्राकडे वळावे लागते, आणि त्याबरोबर एक वेगळीच काळजी येते. २२ अंशांच्या गाडीतून मिक्सर एकदम बाहेरच्या दमट हवेत आणला, तर थंड पाण्याच्या तांब्यावर जमते तसे दव त्याच्या आतबाहेर जमते. त्यामुळे पावसाळ्यात यंत्र गाडीतच पिशवीत घट्ट बंद करून मग बाहेर काढतात, बाहेरच्या हवेइतके उबदार होईपर्यंत तासभर तसेच ठेवतात आणि त्यानंतरच वीज जोडतात.