बशीची पाठ

जुनी जपानी बशी हातात आली की जाणकार ती आधी पालथी करतात, नक्षी मागाहून बघतात. पाठीवर अनेकदा निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं असतात : थोर मिंग घराण्याच्या छंगह्वा कारकिर्दीत घडवलेली. ती कारकीर्द पंधराव्या शतकातली, बशी सतराव्या-अठराव्या, आणि तीही जपानातल्या आरिता गावची. चक्क थाप! पण त्याच पाठीवर भट्टीचा जबाबही असतो. तेराशे अंशांच्या आसपासच्या आचेत मोठ्या बशीचं बूड खचू नये म्हणून खाली मातीचे टोकदार टेकू लावत. भाजून झाल्यावर ते तोडले की तीन-चार बारीक ठिपके उरत. चिनी बशीला ते सहसा नसतात.

आपण या सगळ्याला ‘चिनी माती’ म्हणून मोकळे होतो. आरिताची माती मात्र शोधली कोरियन कुंभारांनी. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या १५९२ ते १५९८ च्या कोरियावरच्या स्वाऱ्यांत सरदारांनी त्यांना धरून आणलं होतं. त्यांतल्या ई साम-प्योंगला १६१६ च्या सुमारास इझुमियामाच्या डोंगरात हवा तो दगड मिळाला, असं परंपरा सांगते. हो, दगडच, कुटून, पाण्यात निथळून त्याची माती करायची. पुढे १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, चिनी माल आटला आणि १६५९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आरिताकडे पन्नास हजारांहून जास्त नग मागवले. माल शेजारच्या इमारी बंदरातून चढे, म्हणून त्याला नाव पडलं इमारी. राबलं एक गाव, नाव झालं दुसऱ्याचं.

आता बशी सुलटी करा. निळा कोबाल्ट झिलईखाली. लाल, हिरवा, सोनेरी झिलईवर, पुन्हा मंद आचेवर भाजलेले. पाइन आणि बांबू हिवाळ्यातही हिरवे, प्लम थंडीतच फुलणारा, म्हणून हे त्रिकूट शुभ. क्रौंच हजार वर्षांचा, कासव दहा हजारांचं. कासवाला मागे झुपकेदार शेपूट दिसतं. ते खरं तर म्हाताऱ्या पाठीवर वाढलेलं शेवाळ. जपानी लोक त्याला ‘मिनोगामे’ म्हणतात. मिनो म्हणजे गवताचं इरलं. इरलं पांघरलेलं कासव! वटवाघूळही शुभ, कारण चिनी भाषेत त्याचा आणि सौभाग्याचा उच्चार एकच, ‘फू’. जपानी बोलीत ते ‘कोमोरी’, तिथे कोटी जमत नाही. चित्र तेवढं आलं. आपल्याकडे ते घरात शिरलं तर म्हातारी माणसं दचकतात.

मला स्वतःला आरिताच्याच काकिएमोन या कुंभार घराण्याच्या शैलीतली बशी आवडते. तांदळाच्या धुवणासारखा पांढरा रंग, राळ्याच्या कणसांपाशी दोन लावे, बाकी सगळं मोकळं. १७१० मध्ये जर्मनीत माइसेनचा कारखाना निघाला, त्याने पुढे हेच लावे उचलले. पॅरिसच्या लमेर नावाच्या व्यापाऱ्याने तर तिथून हुबेहूब नकला बनवून घेतल्या, अस्सल जपानी म्हणून विकायला. कारखान्याची खूण म्हणजे दोन निळ्या तलवारी. त्या पाठीवर झिलईच्या वरून काढायच्या, असं ठरलं. म्हणजे नंतर घासून काढता येतील.