एकाआड एक

संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांपुढें एक लहानसें कोडें वारंवार येतें. एकच कृति पुनःपुन्हां चालली असतां एकदां ३ व एकदां ७, असे दोन अंक आळीपाळीनें कसे मिळवावे?

युक्ति सोपी आहे. दोहोंची बेरीज १०. तींतून हातचा अंक वजा केला कीं दुसरा मिळतो. दुसरी रीत अशी कीं, फेरी कितवी तें पाहावें. विषम असल्यास ३, सम असल्यास ७.

फळ एकच, परंतु भेद मोठा आहे. पहिल्या रीतीस केवळ मागचा अंक ठाऊक असतो. एखादी फेरी गळली तर पुढील सारी मालिका उलटी होते, आणि यंत्रास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. दुसरी रीत प्रत्येक वेळीं क्रमांकासच विचारते.

हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. पिंगलाचार्यांच्या प्रस्तारांत पहिल्या स्तंभांत गुरु व लघु एकाआड एक येतात, दुसऱ्यांत दोन-दोन, तिसऱ्यांत चार-चार. मधलीच ओळ हवी असल्यास सगळा प्रस्तार मांडावा लागत नाहीं. क्रमांक विषम असेल तर गुरु लिहून त्यांत एक मिळवावा व अर्धा करावा. सम असेल तर लघु लिहून अर्धा करावा. तीन अक्षरांच्या प्रस्तारांतील पांचवी ओळ अशा रीतीनें गुरु, गुरु, लघु, म्हणजे तगण, निघते. या रीतीस 'नष्ट' म्हणतात.

अलिबागेस तर हा भेद जिवावरचा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यास ओहोटीला पायीं जातां येतें, भरतीला होडी लागते. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरा येते. म्हणून 'मागच्या खेपेस दुपारीं वाट मोकळी होती, तेव्हां आजहि असेल' हा हिशेब आठवड्याभरांत उलटतो. कोंकणांतील जाणतीं माणसें तिथीस विचारतात: तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते. चतुर्थीस ३ वाजतां, अष्टमीस ६ वाजतां. अर्थात् अष्टमीच्या मध्यान्हीं ओहोटी, तर अमावास्येच्या मध्यान्हीं भरती. त्यांतहि अष्टमीची भांगाची ओहोटी फार मागें हटत नाहीं, म्हणून प्रत्यक्ष निघतांना भरतीचें कोष्टक पाहावेंच.

यंत्र असो वा समुद्र, मागच्या फेरीवर विसंबण्यापेक्षां मूळ मोजणीकडे जाणें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें. मुलांना वजाबाकीची युक्ति अवश्य शिकवावी; पण तिच्यासोबत तिची मर्यादाहि सांगावी.