नग्न फोटो म्हणजे अश्लील फोटो का? न्यायालयं नेमकं काय पाहतात?

मे १९९३. कोलकात्याच्या 'स्पोर्ट्सवर्ल्ड' मासिकात आणि 'आनंदबाजार पत्रिका' दैनिकात एक फोटो छापून आला. जर्मन टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची होणारी पत्नी बार्बारा फेल्टस, दोघंही विवस्त्र. फोटो काढला होता बार्बाराच्या वडिलांनी, आणि तो आधी जर्मनीच्या 'श्टेर्न' मासिकात आला होता. कोलकात्यातल्या एका वकिलाने अश्लीलतेची तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल लागला २०१४ मध्ये.

हा निकाल महत्त्वाचा का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

जुनी कसोटी काय होती?

१८६८ सालच्या एका इंग्रजी खटल्यातून 'हिकलिन कसोटी' आली. ज्यांच्या मनावर सहज वाईट परिणाम होऊ शकतो, अशांना एखादा मजकूर बिघडवेल का, एवढंच त्यात पाहिलं जाई. एखादा भाग संदर्भातून वेगळा काढूनही दोषी ठरवता येत असे. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम ठेवली, ती याच कसोटीच्या आधारे.

२०१४ मध्ये काय बदललं?

बेकर प्रकरणात न्यायालयाने हिकलिन कसोटी बाजूला ठेवली. फोटो आजच्या समाजाच्या सर्वसाधारण दृष्टीने आणि सोबतच्या मजकुरासह पाहायला हवा, असं म्हटलं. तो लेख वर्णद्वेषाविरुद्ध होता. गोरा पुरुष आणि सावळी स्त्री यांच्या प्रेमाबद्दल तो फोटो बोलत होता. तो वासना चाळवण्यासाठी नव्हता, म्हणून खटला रद्द झाला.

कायद्यातही कलेला सूट आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २९२, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९४, कला, विज्ञान, साहित्य यांच्यासाठी आणि सार्वजनिक हिताच्या प्रकाशनाला अपवाद मानतं. मंदिरांवरची शिल्पंही त्यात येतात.

मग कलाकार निश्चिंत का नाहीत?

कारण निर्दोष सुटेपर्यंत वर्षं निघून जातात. १९९५ मध्ये एका बुटांच्या जाहिरातीसाठी मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांचा अजगरासह विवस्त्र फोटो प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढला. त्यावरून मुंबईत गुन्हा दाखल झाला आणि सुटका झाली १४ वर्षांनी.

अमेरिकेतही असं घडलंय. १९९० मध्ये सिनसिनाटीच्या कला केंद्रात रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्या १७५ फोटोंचं प्रदर्शन लागलं. त्यातल्या ७ फोटोंवरून कला केंद्र आणि त्याचे संचालक यांच्यावर खटला चालला. तज्ज्ञांनी ज्युरींना रचना, प्रकाश, आकार समजावून सांगितले. ज्युरींनी सर्वांना निर्दोष ठरवलं.

चित्र चालतं, फोटो का खुपतो?

चित्रातली व्यक्ती काल्पनिक असू शकते. फोटोत मात्र खरं माणूस कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेलं असतं. त्यामुळे बघणाऱ्याला कलाकृतीआधी तो माणूस दिसतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामचे नियमही असाच फरक करतात: नग्न चित्रं आणि शिल्पं यांचे फोटो चालतात, खऱ्या व्यक्तीचे नग्न फोटो बहुतेक वेळा काढले जातात.

अर्थात चित्रंही नेहमी सुटत नाहीत. एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची नग्नचित्रं मुंबईत कस्टम्सने अश्लील म्हणून अडवली होती. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सोडायला लावली. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं.

शेअर करण्याआधी काय पाहावं?

एक प्रश्न कलेच्याही आधी येतो: फोटोतल्या व्यक्तीची संमती. ती फोटो काढायलाही हवी आणि तो पसरवायलाही. संमतीशिवाय खासगी अवयवांचा फोटो काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो फोटो कितीही सुंदर असला, तरी गुन्हा तो गुन्हाच.

संमती असेल, तर मग संदर्भ पाहा: फोटो कुणी काढला, कशासाठी, सोबत काय लिहिलंय. तो आवडला नाही, तर तसं जरूर म्हणा. पण न आवडणं वेगळं आणि अश्लील असणं वेगळं.