चित्र कोणाचे, जाहिरात कोणाची?



समजा, घाटंजीकडचा एक शेतकरी मोबाईलवर गुलाबी बोंडअळीची माहिती वाचतो आहे. लेख चांगला आहे. मध्येच किडलेल्या बोंडाचे चित्र आहे, आणि चित्राला अगदी चिकटून दोन ओळींत एका औषधाचे नाव आहे. तो शाळेत येऊन म्हणतो, "गुर्जी, अळीवर हेच औषध सांगतलं हाय यात."

पण लेखकाने ते सांगितलेलेच नसते! ते नाव म्हणजे जाहिरात. चित्र लेखाचे, नाव विकणाऱ्याचे. दोघांची गाठ पडली ती केवळ शेजारामुळे.

मग ही जाहिरात तिथे आली कशी? पानावरचे शब्द यंत्र वाचते. कापूस, बोंड, अळी, फवारणी हे शब्द दिसले, की त्यांना साजेशी जाहिरात ते मोकळ्या जागेत आणून बसवते. वाचकाने पूर्वी काय पाहिले, याचाही हल्ली विचार होतो. गूगल कंपनीने अशी ॲडसेन्स नावाची योजना 2003 साली काढली. 2014 च्या डिसेंबरात ती हिंदीला आणि पुढे मराठीलाही लागू झाली. पानाच्या मालकाला उत्पन्नाचा वाटा मिळतो. मात्र कोणत्या क्षणी कोणती जाहिरात लागेल, हे लेखकाला आधी ठाऊक नसते, बरं का!

यात गैर काही नाही. वर्तमानपत्रही जाहिरातीवरच चालते. पण काही मालकांनी एक युक्ती काढली. जाहिरातींच्या ओळीवर तितकीच चित्रे मांडायची, एका जाहिरातीला एक चित्र. पाहणाऱ्याला वाटे, चित्रातली वस्तूच इथे मिळते. म्हणून तो तिथे बोट लावी. पूर्वी काहींचा समज असा होता, की मध्ये एक रेघ ओढली म्हणजे झाले. डिसेंबर 2006 मध्ये गूगलने खुलासा केला, की रेघ असो वा नसो, चित्र आणि जाहिरात यांचा संबंध आहे असे वाचकाला भासत असेल, तर ती मांडणी चालणार नाही.

या नियमामागचे कारण आपल्या बाजारातलेच आहे. टोपलीत वर चांगली संत्री आणि खाली कुजकी, असे एकदा चालेल. दुसऱ्या बाजाराला गिऱ्हाईक फिरकत नाही. फसून आलेला वाचक काही विकत घेत नाही. जाहिरातदाराचे पैसे फुकट जातात. नियम मोडणाऱ्या पानावरच्या जाहिराती बंद होतात, खातेही जाऊ शकते.

आपल्या सरकारनेही याची दखल घेतली आहे. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने ग्राहकांना चकवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार सांगितले असून लेखाच्या किंवा बातमीच्या वेषात येणारी जाहिरात हा त्यांतला एक आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे.

शाळेचे किंवा गावाचे संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. चित्र लेखाच्या परिच्छेदाजवळ ठेवावे आणि जाहिरातीपासून चांगले अंतर सोडावे. चित्राखाली ते कशाचे आहे, हे लिहावे. जाहिरातीवर 'जाहिरात' असेच लिहावे. 'उपयुक्त माहिती' असला मथळा देऊ नये. आणि "येथे दाबा" म्हणून बाण तर मुळीच काढू नये. आकाशवाणीवर 1967 साली विविध भारतीतून जाहिराती सुरू झाल्या, त्यांत नागपूर केंद्रही होते. जाहिरात लागली की चाल बदलते, कानाला फरक कळतो. डोळ्यालाही तसाच कळला पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चित्राचे काय घेऊन बसलात? मित्रहो, 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला कारणे अनेक होती. पण औषध कोणते, किती आणि कसे मारायचे, याबाबतचा चुकीचा समज किती महाग पडतो, हे आपण पाहिले आहे. तेव्हा मोबाईलवर औषधाचे नाव दिसले, की ते कोण सांगतो आहे, हे आधी विचारा. डब्यावरची चिठ्ठी वाचा, त्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल म्हणजे अतिविषारी. शंका आली, तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, नाहीतर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन करा.

शिक्षकांनी वर्गात एक खेळ घ्यावा. वर्तमानपत्राचे एक पान द्यावे. बातमीला निळी खूण, जाहिरातीला तांबडी. मग तेच मोबाईलवरच्या पानावर करून पाहावे. मुलांना फरक ओळखता आला, की ती घरी जाऊन बापाला म्हणतील, "बाबा, थांबा! हे लेखातलं नाही, ही जाहिरात हाय." तेवढे झाले तरी आजचे बोलणे कारणी लागले.