डिसूझा कॉलनी आणि डेटाबेसमधील ‘अमुक’

नाशिकच्या कॉलेज रोड परिसरातील डिसूझा कॉलनी हा पत्ता मराठीत लिहिताना काहीच अडचण येत नाही. इंग्रजीत मात्र डी आणि एस या अक्षरांच्या मध्ये, वरच्या बाजूला, स्वल्पविरामासारखे एक चिन्ह येते. हा पत्ता एखाद्या संकेतस्थळावरील अर्जात भरावा आणि पडद्यावर अगम्य त्रुटिसंदेश झळकावा, असे घडू शकते. दोष अर्थातच पत्त्याचा नसतो.

डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. मजकूर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे ती नेमके याच चिन्हावरून ओळखते. वापरकर्त्याने भरलेला मजकूर प्रोग्रामरने आज्ञेच्या वाक्यात थेट चिकटवला असेल, तर ‘डी’पाशीच पत्ता संपला असे डेटाबेस समजतो. उरलेली कॉलनी त्याला आज्ञेचा भाग वाटते आणि तो अडतो. प्रामाणिक रहिवाशाच्या बाबतीत प्रकरण एवढ्यावरच थांबते. दुष्ट हेतूने आलेला मनुष्य मात्र त्या चिन्हापुढे खरीखुरी आज्ञा लिहितो. ‘किंवा १ बरोबर १’ अशी नेहमीच खरी ठरणारी अट जोडली, की एका ग्राहकाऐवजी सर्वांचीच माहिती बाहेर पडू शकते. याला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती २०१५ मध्ये याच वाटेने चोरीस गेली. पुढील वर्षी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला.

काही संकेतस्थळे हे चिन्हच नाकारतात. मग डिसूझा आडनावाच्या माणसाला स्वतःचे नाव ‘अवैध’ असल्याचे वाचावे लागते. हा तर चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार!

खरा उपाय रामकुंडावर संकल्प सांगणाऱ्या गुरुजींच्या परिचयाचा आहे. पोथीत यजमानाच्या नावाच्या आणि गोत्राच्या जागी ‘अमुक’ असे छापलेले असते. यजमान कोणीही असो, त्याचे नाव त्या जागी उच्चारले जाते. विधी बदलत नाही. डेटाबेसच्या आज्ञेतही मूल्याच्या जागी बहुधा प्रश्नचिन्ह ठेवतात. त्यालाच ‘प्लेसहोल्डर’ म्हणतात. आज्ञेची रचना आधी निश्चित होते, मूल्य नंतर स्वतंत्रपणे पाठवले जाते. त्यात काहीही लिहिलेले असले, तरी डेटाबेस त्याकडे निव्वळ मजकूर म्हणूनच पाहतो.

ही सोय नवी नव्हे. जावामध्ये ती १९९७ पासून आहे. पीएचपीमधील जुन्या मायएसक्यूएल फंक्शनांत ती नव्हती. ती फंक्शने २०१५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. तरीही जुन्या पुस्तकांतून उचललेला कोड कोठे ना कोठे चालूच राहतो, ही खरी चिंतेची बाब आहे.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. प्लेसहोल्डर केवळ मूल्यासाठी असतो. तक्त्याचे किंवा रकान्याचे नाव त्यातून पाठवता येत नाही. यादी कोणत्या रकान्यानुसार लावायची हे वापरकर्त्याला ठरवू द्यायचे असेल, तर मान्य नावे प्रोग्राममध्येच नोंदवून त्यांच्याशी ताडून पाहावे लागते.